भात शिकलो, तिथंच चुकलो

...आणि सांगून झालं की वर काय म्हणतात? "त्यात काय हाय, सोप्पं हाय!" अवो, सोप्पं असतं तर मी विचारलं असतं का? तुमीच सांगा!

झालं कसं, आमची सुंदरा गेली माघात. चाळीस वरसांचा संसार, आणि मी चुलीपाशी गेलो तो फकस्त विडी पेटवायला! सापगावला भातशेती आमची. पेरणी, लावणी, कापणी, झोडणी, सगळं येतं मला... भात शिजवायचा कसा, तेवढंच नाय म्हायती! बाराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं. तेराव्याचं जेवून सगळी गेली. आणि जाताना जो तो काय देऊन गेला? सल्ला!

आमची मेव्हणी गोजर, डोळखांबला असते. ती म्हणाली, "दाजी, तांदळावर बोटाचं एक पेर पानी ठेवायचं. त्यात काय हाय, सोप्पं हाय!" बरं, ठेवलं. पण बोट कोनाचं गो? हे बघा माझं, नांगर धरून धरून कसं झालंय! तिची दोन पेरं, तेवढं माझं एक! भात कसला, पेज झाली. बसलो पीत.

मग लेकीला फोन लावला. सरिता, कल्याणला असते. "बाबा, कुकर लावा ना! तीन शिट्ट्या. त्यात काय आहे, सोप्पं आहे!" लावला. आता एकट्या घरात शिट्टी झाली, की मला वाटतं कोनतरी बोलावतंय... दारात जाऊन बघतो तर कोन नाय. तवर आत दुसरी झालेली. का तिसरी? कोनाला विचारू? भात करपला!

शेजारची भिमी वहिनी रोज दुपारी डोकवायची. "भावजी, आज काय केलंत?" मी टोप दाखवायचो. ती कपाळावर हात मारायची, शिव्या घालायची, आणि शिव्या घालता घालता चांगली अर्धा तास बसायची.

परवा मुरबाडहून टोकावड्याला निघालो, एस्टीनं. शेजारी एक म्हातारी, मांडीवर कोंबडी. म्हटलं, "आजी, भाताला पानी किती ठेवता वो?" झालं! म्हातारी म्हणते दुप्पट. मागची बाई म्हणते, "नाय वो, आधी भिजत घाला!" कंडक्टर तिकीट द्यायचं सोडून विचारतो, "तांदूळ नवा का जुना?" मी म्हटलं, नवा. "मग पानी कमी घाला, काका!" ड्रायव्हर पुढनं वरडतो, "आणि झाकन उघडून सारखं बघू नका!" सगळी एस्टी माझ्या टोपात उतरली! घरी कोन असतं, बायको कुठं गेली, कोनी विचारलं नाय... फकस्त भात! तुमाला सांगतो, टोकावडं आलं नि गेलं, मी उतरलोच नाय. घाटापर्यंत गेलो तसाच.

काल सगळ्यांचं ऐकून केला. भिजवला, पानी कमी, झाकन नाय उघडलं. अवो, शीत न शीत मोकळं! असा भात! एवढा आनंद झाला... आणि सांगायला घरात कोन? फडक्यात टोप धरून धावत गेलो भिमी वहिनीकडे. "वहिनी, बघा!" तिनं एक शीत चाखलं. "शिकलात की भावजी! सुटले बाई मी. आता माझं यायचं काम नाय."

आणि आज खरंच आली नाय वो! दुपार झाली, ऊन ओटीवरनं उतरलं... मोकळा भात समोर, आणि एक घास उतरंना.

शेवटी उठलो, तिच्या दारात गेलो, म्हटलं, "वहिनी, भाकरी कशी थापतात?"

"अवो, त्यात काय हाय, सोप्पं हाय!" म्हणाली, नि पदराला हात पुसत आली की घरात!

भाताला दोन महिने लागले. भाकरीला... मी पाच-सहा वरसं तरी लावनार!