एका हातानं सुटणारा पट्टा

भावेश : हात वर करा, शिवांगीबेन. आता खाली. काखेत हवेचा फुगा येतोय?

शिवांगी : काखेत नाही. कमरेपाशी थोडा येतोय.

भावेश : तिथे चालतो. वरून पट्टा येतो ना, तो दाबून धरतो. पाठीत नाही, मानेत नाही, बस झालं. बुडी मारायचा सूट सैल असला की आत थंड पाणी फिरतं, आणि माणूस कुडकुडायला लागला की श्वास अर्ध्यातच संपतो.

तुळशीराम : आत्ता तरी श्वास घेता येतो का तिला? तोंड बघा कसं लाल झालंय.

शिवांगी : येतो, बाबा. घट्टच असतो हा.

तुळशीराम : आमी गंजीवर उतरायचो. थंडीत पन.

भावेश : काका, तुम्ही दर्यावरची माणसं. आम्ही सिल्व्हर पार्कच्या चौथ्या माळ्यावरची. आमची कातडी विकत घ्यावी लागते.

शिवांगी : ताईंनी किती वेळा वापरलाय हा?

भावेश : माझ्या बायकोने, भूमिकाने? दोनदा. तिसऱ्या वेळी बोटीतच बसून राहिली. बोलली, मला समुद्र वरूनच आवडतो. मग माझ्या कानाचा पडदा गेला. सर्दी असताना खाली गेलो होतो, चूक माझीच. तेव्हा बोलली, एक तर हे सामान कपाटातून काढ, नाही तर मला घरातून काढ. म्हणून विकतोय. मालात खोट नाही.

शिवांगी : मी अकरा हजारच आणलेत. सूटचे तुम्ही सहा म्हणालात.

भावेश : सहा. नवीन घ्यायला गेलात तर तिप्पट. मी काय बोलतो, सूटवर कंजूषी नको, मास्कवर नको. पायातल्या फिन्स साध्या प्लास्टिकच्या घ्या, त्या लांब काळ्या पात्या पुढे कधी तरी. खोली दाखवणारं घड्याळ तर घेऊच नका. मालवणच्या त्या श्वास रोखून बुडी मारायच्या कोर्सला पाच दिवसांत दहा-बारा मीटर खाली गेलात तरी पेढे वाटा.

तुळशीराम : बारा मीटर म्हंजे किती वाव?

शिवांगी : साडेसहा.

तुळशीराम : साडेसहा. मानूस तीन वावात संपतो.

भावेश : काय बोलले काका?

शिवांगी : काही नाही. मास्क बघू.

भावेश : पट्टी मागे लावू नका. नुसता तोंडावर टेकवा, नाकाने श्वास आत ओढा. आता हात सोडा.

तुळशीराम : पडला न्हाय.

भावेश : म्हणजे चेहऱ्याला बसला. पाणी नाही येणार. बघायचाय, काका? घ्या. ओढा श्वास.

तुळशीराम : पडला.

भावेश : मिशी आहे ना. तिथून हवा घुसते.

शिवांगी : मिशी काढली तर आई घरात घेणार नाही तुम्हाला.

तुळशीराम : आईचं तू मना नको सांगू. तिला वाटतंय, तू मैत्रिणीच्या लग्नाला चाललीस मालवणला.

शिवांगी : परत आल्यावर सांगेन मी तिला.

भावेश : काका, एक विचारू? घरातलेच सगळे दर्यावर जाणारे. मग मुलीला पाण्यात उतरायला मालवणला जाऊन शिकावं लागतं?

तुळशीराम : आमच्यात शिकत न्हाय कोन. उतरायची वेळ आली की उतरायचं.

शिवांगी : माझा भाऊ असाच उतरला. परेश. येत्या मार्गशीर्षात दोन वर्षं होतील. खाडीच्या तोंडाशी आमची डोल लावलेली होती. मोठं जाळं असतं, पिशवीसारखं. समुद्राच्या तळाला खुंट ठोकून त्याला ते बांधून ठेवतात. त्याचा दोर खाली अडकला. भरती लागायच्या आत सोडवायला हवा म्हणून परेश उतरला, आणि जाळ्यात गुंतला. तीन वाव पाणी होतं, भावेशभाई. होडीत चार माणसं उभी. त्यातल्या यतीनदादानं दोनदा उडी मारली, दोन्ही वेळा अर्ध्यातून वर आला. तळाला हात लावून येईल असा एकही नव्हता. मी तेव्हा केबिन रोडच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढत होते. मला मोठं काही शिकायचं नाहीये. तीन वाव खाली जायचं आणि वर यायचं, एवढंच.

भावेश : मला माहीत नव्हतं, बेन. मास्कचे पैसे राहू द्या.

शिवांगी : नको, घ्या. मी ठरवूनच आलेय. सूट, मास्क आणि फिन्स मिळून साडेदहा होतात. तेवढं जमतंय. फक्त हा कमरेचा पट्टा आणि वजनं नकोत. त्यांचे दोन हजार वाचतील.

भावेश : पट्ट्याशिवाय कसं चालेल? हे रबर घालून तुम्ही बुचासारख्या वरच तरंगाल.

शिवांगी : वजन आहे आमच्या घरी. जाळ्याला लावायचं शिसं डबाभर पडलंय. सुती दोरात ओवायचं आणि कमरेला बांधायचं. आमच्याकडे खाली उतरताना असंच करतात. आणि बांधायला बाबा आहेत. बाबांची गाठ कशी असते माहितीये? उधाणात होडी हलेल, पण गाठ सरकणार नाही. आजही लोक नवी होडी पाण्यात घातली की पहिली गाठ मारायला बाबांना बोलावतात. हो ना, बाबा?

तुळशीराम : पट्टा घे.

शिवांगी : अहो, पण पैसे...

तुळशीराम : ते पायातलं ऱ्हाऊ दे. मास्क ऱ्हाऊ दे. पट्टा घे आधी.

शिवांगी : तुमची गाठ असताना विकतचा पट्टा कशाला?

तुळशीराम : परेशच्या कमरेला माझीच गाठ व्हती.

शिवांगी : माहितीये मला. पण त्याचा काय संबंध?

तुळशीराम : तो जाळ्यात न्हाय गुंतला, बाय.

शिवांगी : म्हणजे? यतीनदादानं सांगितलं, सगळ्यांनीच सांगितलं...

तुळशीराम : मी सांगितलं तसं सगळ्यांनी सांगितलं. दोर त्यानं कापला व्हता. डोल मोकळी झाली, होडीच्या अंगाला आली. आमी वर वरडलो, झालं रे, झालं! हसलो पन. तो काय येईना. शिसं खाली धरून ठेवत व्हतं त्याला. सुरी हातातून गेली असंल. मग तो गाठ सोडत ऱ्हायला. सुती दोर, ओला झाला की फुगतो. मीच आवळून बांधलेला, शिसं घसरू नये म्हनून. बांधताना बोलला पन, बाबा, पोटातला भात बाहेर काढाल. मी आनखी एक वेढा दिला.

शिवांगी : तुम्हाला कसं कळलं? तुम्ही वर होता.

तुळशीराम : गळ टाकून वर काढला तेव्हा दोन्ही हात कमरेवर व्हते. नखं तुटलेली. किनाऱ्याला यायच्या आत मी गाठ काढायला बसलो. माझ्या हाताला पन सुटली न्हाय ती. कापली.

शिवांगी : आईनं जाळं पेटवलं होतं, बाबा. बाराव्याच्या दिवशी, घरासमोर. तुम्ही बाजूला उभे होता.

तुळशीराम : व्हतो.

शिवांगी : मी रॉकेल आणून दिलं तिला. यानंच खाल्लं माझ्या लेकराला, म्हणत होती. अजून म्हणते. जाळं विणणाऱ्याला, विकणाऱ्याला, सगळ्यांना शिव्या देते.

तुळशीराम : ऐकतो मी. रोज जेवताना ऐकतो.

शिवांगी : आणि जेवता?

तुळशीराम : जेवतो.

भावेश : मी चहा ठेवतो. तुम्ही बसा दोघं.

तुळशीराम : थांबा, शेठ. हा पट्टा कसा सोडायचा, ते दाखवा मना.

भावेश : हे बघा. हे टोक बाहेर लोंबतं ना, ते धरून झटका द्यायचा. झालं. पट्टा खाली जातो, माणूस वर येतो. रबर आहे, पाण्याने फुगत नाही. कोर्सला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. आणि एकट्याने उतरायचंच नाही. एक खाली, एक वर नजर ठेवून.

तुळशीराम : एका हातानं सुटतो.

भावेश : एका हाताने. डाव्यानेही.

(तुळशीराम पट्टा लावून सोडतो, पुन्हा लावतो, पुन्हा सोडतो.)

तुळशीराम : शिशाशिवाय, नुसता पट्टा केवढ्याला?

भावेश : नुसता? आठशे.

तुळशीराम : आठशे.

भावेश : राहू द्या, काका. असाच न्या.

तुळशीराम : न्हाय. याचे पैसे मी देनार. फुकट नको हा.

शिवांगी : आईला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार.

तुळशीराम : सांगतो. तू नीट जाऊन ये, मग...

शिवांगी : आज. मी जायच्या आधी. माझं मालवणचंही मी आजच सांगते. दोघंही एकदमच शिव्या खाऊ.

तुळशीराम : तिनं मना घरात न्हाय ठेवलं तर?

शिवांगी : माहीत नाही, बाबा. मला खरंच माहीत नाही.

तुळशीराम : बरं. आज सांगतो.

शिवांगी : लावा तो मला.

तुळशीराम : तू लाव. मी न्हाय लावनार.

शिवांगी : लावा, बाबा. सुटतो तो.

तुळशीराम : घट्ट होतंय?

शिवांगी : अजून थोडा ओढा. घसरतोय.

तुळशीराम : आता?

शिवांगी : बसला.

तुळशीराम : डोळे मिट. खाली गढूळ असतं, काय दिसत न्हाय. सोड.

शिवांगी : सुटला.

तुळशीराम : डाव्या हातानं.

शिवांगी : सुटला.

तुळशीराम : श्वास घेऊ नको. कोंडून धर. धर अजून. अजून. आता सोड.

शिवांगी : सुटला, बाबा.

तुळशीराम : परत.

भावेश : काका, जमलं त्यांना. आता आत जाऊन सूट बदलू दे, तोवर मी मोठी पिशवी बघतो. सगळं एकातच मावेल.

तुळशीराम : बाकीचं भरा पिशवीत. पट्टा नको. तो तिच्या ड्रेसवरूनच लावू, रिक्षात परत सोडून बघू.