चिऱ्यांवरची गाडी

—नाही, नाही, बसा हो गनीभाई, गाडी कुठं पळून जात नाही. केरू मेस्त्रीनं सावर्ड्याहून आणून लावली त्याला दोन वर्षं झाली, अंगणाबाहेर गेलेली नाही. आजच काय जाणार? नाटे बंदरावरून एवढ्या सकाळी आलात, चहा घ्या. पुडीत उरलेल्या भुकटीचा मीच केलाय, म्हणून बेताचा आहे — आमच्या मथुराबाई पहाटेपासून त्या गाडीत जाऊन बसल्यात, चहापत्तीचा डबाही घेऊन. डोक्याला पंचा गुंडाळलाय तिकडं बघू नका. माझी तपकिरी कानटोपी सकाळपासून खुंटीवर नाही, आणि थंडी माझ्या कानातच आधी शिरते. हात पुसायला फडकं देऊ का? एवढे लाल-काळे कशानं झाले? बरं, राहू दे.

तर तुम्हाला तिनं ड्रायव्हर म्हणून बोलावलंय, मला न विचारता. आखातात तीस वर्षं वाळवंटातून ट्रेलर हाकलेत म्हणे तुम्ही — आणि तिला वाळवंटच बघायचंय. समुद्राकाठी जन्म काढला, ती वाळू पुरली नाही. चूक माझीच, निवृत्त होताना शब्द देऊन बसलो, की आता भारत दाखवतो. रेल्वेनं जाऊ म्हणाली. पण लॉजमधल्या गाद्यांवर माझा विश्वास नाही, पाण्यावर तर नाहीच. मग जुनी बस घेतली आणि केरूनं आत घर बांधलं — दोन पलंग, ओटा, गॅस, छतावर पाण्याची टाकी, मागं संडास. राजवाडा हो. राजवाड्याला निदान ग्रीस लागत नाही.

काय आहे, तुमची फसवणूक नको, म्हणून आधीच सांगतो. पावसाळ्यात गाद्यांना बुरशी येते. पत्रा गंजतो — नाट्याच्या खाऱ्या वाऱ्यातल्या माणसाला मी गंज काय शिकवायचा? हेडलाइटच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या, नव्या घातल्या, त्या जास्त आवडल्या. संडासाची टाकी परमुलखात कुठं रिकामी करायची, हे मी चार कचेऱ्यांना पत्र लिहून विचारलं. चारही गप्प. पंचायतीचा माणूस म्हणतो हे घर आहे, घरपट्टी भरा. आरटीओवाले म्हणतात ही गाडी. मी जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, त्यामुळं मला दोघांचंही पटलं, दोन्हीकडे भरतो. टायर बसतात म्हणून जॅक लावून अख्खी गाडी जांभ्याच्या चिऱ्यांवर घेतली. ओट्याचं सांडपाणी पडतं तिथं अळू माजलाय, आठवड्याला फदफदं होतं. म्हणजे एवढ्या मोठ्या गाडीनं आम्हाला आजवर कुठं नेलं, तर अळूपर्यंत.

हसू नका. निघायचं ठरलं नव्हतं असं नाही, दर खेपेला ठरलं. पण ऐनवेळी गाडी सुरूच होत नाही. ओमकार मेकॅनिक राजापुरातून चारदा आला, म्हणाला, काका, बॅटरीची केबलच दिसत नाही. नवी मीच आणतो, म्हणून त्याला परत पाठवतो. कशी दिसेल? ही बघा, माझ्या खिशात. हे मथुरेला ठाऊक नाही, तुम्ही बाहेरचे म्हणून— घाटाची भीती? छे, घाटाची नाही हो. या घरात चार खोल्या आहेत. ती स्वैपाकघरात असते, मी माझ्या पुस्तकांत, जेवताना आमटीवर दोन वाक्यं होतात, तेवढ्यावर चाळीस वर्षं निभावली. त्या डब्यात एका खोलीतून उठून जायचं कुठं? तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात येईल, की या माणसाकडं बोलायला काही नाही. वाळवंट ती बघेल, मला काय बघणार? मग म्हणेल, तुम्ही उतरा इथंच. म्हणणार नाही? तुम्ही तिला ओळखत नाही. मी तरी कुठं—

हे काय? इंजिन कसं सुरू झालं? केबल तर माझ्या हातात. अस्सं. म्हणून हात काळे. आणि लाल ते चिऱ्यांचं. तुम्ही आधी तिकडं जाऊन आलात, चिरे काढलेत, आणि मग माझा चहा पीत बसलात. नवी केबल तिनं कधी मागवली? गणपतीत? म्हणजे गणपतीपासून तिला ठाऊक आहे, आणि रोज समोर बसून वाढतेय.

जा तुम्ही. जा, डिझेल जळतंय. तिची प्रकृती सांभाळा, घाटात तिला मळमळतं, आलेपाक जवळ ठेवा. मी इथं बरा आहे, अळू आहेच. आणि हे बघा — तिला न विचारता एक काम करा. खिडकीकडच्या पलंगाच्या उशाशी एक खिळा आहे, मी ठोकून घेतलेला. त्याच्यावर काही टांगलंय का, तेवढं बघून इथं हात करा.

आहे?

तपकिरी?

थांबायला सांगा तिला. कुलूप घालून येतो. कान झाकायचे तर तिथवर यावंच लागणार.