सर्व्हर म्हणतो मी आहे

...आणि वर मलाच विचारतात, "आ-हाओ, काय बिघडवलंस?" अहो, मी काय बिघडवणार, मी तर सोयादूध पीत होतो. तुम्हाला सांगतो, काओश्युंगला श्यू-चिन मावशींचा जेवणाच्या डब्यांचा कारखाना आहे ना, तिथले कॉम्प्युटर माझ्याकडे. कुणाला किती डबे, कुणाचे शाकाहारी, सगळं एका सर्व्हरमध्ये, आणि स्वयंपाकघरातल्या स्क्रीन तिथून बघतात. आज सकाळी एकाही स्क्रीनला सर्व्हर सापडेना. मी सर्व्हरपाशी जाऊन बघतो तर आत सगळं जागच्या जागी... म्हणजे तो म्हणतो मी आहे, बाकीचे म्हणतात कुठे आहे!

मागे आचारी आ-काई, झारा घेऊन. "भाऊ, मठाचे डबे कुठले ते सांग लवकर. भिक्षुणींच्या भातावर माझ्या हातून डुक्कर गेलं तर पुढचा जन्म डुकराचा."

वायर बघितली, ठीक. पासवर्ड, ठीक. फायरवॉल म्हणजे आतला वॉचमन, त्याला सांगितलं, बाबा रे, सगळ्यांना सोड. सोडलं त्याने. तरी तो म्हणतो मी आहे, बाकीचे म्हणतात कुठे आहे...

मग लेबल दिसलं. सर्व्हरच्या पत्त्याचं, म्हणजे ज्या आकड्यांवरून स्क्रीन त्याला शोधतात त्यांचं, मीच लावलेलं, शेवटी चार. आता तिथे आठ, भरभराटीचा आकडा, मावशींच्या अक्षरात.

"मावशी, हे काय?"

"चार म्हटलं की मरण ऐकू येतं म्हणून अख्ख्या इमारतीला चौथा मजला नाही, आणि तू माझ्या धंद्याला चार चिकटवतोस?"

"फक्त लेबलच बदललंत ना?"

"नुसतं लेबल बदलून काय होतंय? आतही बदललं. तू करताना बघितलं होतं मी. हे घे, आधी खा, तोंड बघ किती सुकलंय."

आता चिडायचं कसं, सांगा? हातात गरम भात, वर अंडं. भीत भीत म्हटलं, परत चार करू? त्यांनी तीनदा थू-थू-थू केलं. मग काय, एकेका स्क्रीनपाशी जाऊन तिला नवा पत्ता शिकवला. डबे सुटले, भिक्षुणी वाचल्या, आ-काईचा पुढचा जन्मही वाचला.

जरा टेकतोय तर आ-काई हजर. "भाऊ, सर्व्हर येतोय-जातोय. प्रिंटरपण."

मी प्रिंटरच्या मागे डोकावलो. त्याच्याही पत्त्याच्या शेवटी आठ.

"मावशी...?"

"तू तिकडे गेलास तेवढ्यात केलं. त्या बिचाऱ्यानेच काय घोडं मारलंय?"

म्हणजे आता एकाच पत्त्यावर दोघंही म्हणतायत, मी आहे. मी ताटली पुढे केली. म्हटलं, मावशी, अजून एक अंडं वाढा.