कंपनीनं आठच सांगितलंय

लॅपटॉपात काय बसवायचं ते बसवा, फक्त घरी दाखवायला जाऊ नका.

मी मुरूममध्ये लग्नांचे व्हिडिओ करतो. लॅपटॉप सारखा अडकायचा. कंपनी म्हणते, यात आठ जीबीच्या वर रॅम चालत न्हाय. मी नीट चौकशी करून सोळाची बसवली, आणि ती मस्त चालली. मामाच्या पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ पळायला लागला, म्हणून हौसेनं उमरग्याला मामाला दाखवायला गेलो.

"कंपनीनं किती सांगितलंय?" मामानं विचारलं.

"आठ. पण सोळा चालतंय की, बघा तुम्ही."

"आज चालतंय. उद्या जळालं म्हंजी? माझ्या पोरीचं लगीन हाय त्यात. आधी काढ ती."

"मामा, लग्नाची कॉपी दुसरीकडं पण ठेवलीय."

"काढ म्हणलं ना. कंपनीवाले काय येडे हायत व्हय?"

शेवटी काढली. पिशवीत जुनी आठची होतीच, ती लावली, तर पडद्यावर नवरीनं हार वर उचलला तो खाली येईना. मामा म्हणाला, "हां, आता कसं बेतानं चाललंय."

मामाची काळीपिवळी जीप हाय, मुरूम ते उमरगा. परत जाताना त्यानं मला तिच्यातच कोंबलं. नऊ जणांची गाडी, आत सोळावा मी. माझा एक पाय दाराबाहेर. मामा अजून एका गिऱ्हाइकाला हाका मारत होता.

म्हणलं, "मामा, ह्या गाडीत कंपनीनं किती माणसं सांगितल्यात?"

"गाडीचं येगळं असतंय," मामा म्हणाला. "माणूस सरकून बसतंय. सरक जरा."