'या' म्हणायची सवय

नल्लकुंट्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात एका म्हातारीनं सरकून जागा दिली, म्हणून रूपाली बाकावर टेकली. म्हातारी पलीकडच्या भाच्याशी बोलत होती.

"मामी, लिनक्स जमायला लागलं का?"

"हौ रे मकरंद, तू शिकवलंस ते सगळं जमतं. पण कंप्युटर दुपारी आपोआप चालू होतो."

"बंद नीट करता ना?"

"तू दाखवलंस तसंच. वरच्या कोपऱ्यात दाबते, 'बंद करा' म्हणून येतं तिथं दाबते, आणि 'या' म्हणते."

"'या' कुणाला?"

"यांचाच ना तो कंप्युटर? हे ऑफिसला निघाले की रोज दारातून म्हणायचे मी. जाणाऱ्याला कुणी 'जा' म्हणतं का?"

"मामी, मामांचं काहीच नाही आता त्यात. ते वारल्यावर अख्खी डिस्क पुसली, मगच लिनक्स टाकलं मी."

"म्हणाला होतास खरा."

"एखादी सेटिंग राहिली असेल, बघतो मी. पण मनातली शंका जायची असेल तर एकदा 'जा' म्हणून टाका."

"काल म्हटलं. लई जिवावर आलं, पण म्हटलं."

"मग?"

"पडदा काळा झाला. आणि आतून आवाज आला, 'येतो.'"

"मामी, त्याला स्पीकर कुठंय? स्पीकर तर मी घरी नेलेत."

"म्हणून तर तुला विचारते."

तेवढ्यात रूपालीचा नंबर पुकारला. उठता उठता सवयीनं म्हातारीला 'येते' म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.