खुंटीवरची चावी

आपली मोटरहोम, म्हणजे राहायची गाडी, पबच्या कुरणात लावून आलेलं म्हातारं जोडपं काउंटरवर माझ्यापुढं उभं होतं. खिडकीबाहेर सफरचंदांवर उन्हं रेंगाळली होती.

"आधी चावी द्या आजोबा, मग बिअर," मालकीणबाई म्हणाल्या.

"अहो, गाडीत नुसतं झोपायचंय."

"पिऊन गाडीत नुसतं झोपलात तरी पोलिसाला झोप दिसत नाही, खिशातली चावी दिसते. इथं खुंटीला राहील, सकाळी न्या."

"दे रे विल्फ," म्हातारी म्हणाली. "अगंबाई, जुडग्यात ही आपल्या घराची? घर तर विकलं ना!"

"एक ठेवली."

"कुलूप बदललं असेल त्यांनी."

"दार कुठं उघडायचंय, मॉरीन? उशाखाली असली की घरात झोपल्यासारखं वाटतं."

मॉरीननं जुडगं काउंटरवर ठेवलं.

"बाई, तेवढी एक सोडवून द्या हो. आज माझ्या उशाखाली ठेवते."