बोट काळी चारवर

मैना : नाही म्हणजे नाही. अकोल्याच्या दामिनीले फोन लावा. आज बार्शीटाकळीत तिलेच गाऊ द्या. माहा गळा गेला.

धर्मपाल : असा एका रियाजात गळा जात नसते, मैना.

मैना : पहिल्याच गाण्यात वरचा सूर लागला नाही! केकाटली मी. तुमचे कान काय घरी ठेवून आले होते? परवा परतवाड्यात तं मस्त लागला होता. मंग दोन दिसात झालं काय वो मले?

पायल : आई, बस आधी. बाबा... मी काल मशीन रीसेट केलं. त्याच्यामुळे तर नाही ना?

धर्मपाल : काय केलं?

पायल : तुमच्या कीबोर्डला जोडलेला तो डबा, साउंड मॉड्यूल. बासरी वाजवली की खरखर यायची, म्हणून फॅक्टरी रीसेट मारला. घाबरू नका, आवाज सगळे आधी पेनड्राइव्हवर सेव्ह केले होते. बासरी, सनई, तुम्ही बनवलेली सारंगी, सगळे परत टाकले.

धर्मपाल : अन् सिस्टीमची सेटिंग?

पायल : ती आवाजांसोबत सेव्ह होत नाही, वेगळी ठेवावी लागते. मला नंतर कळलं. ती गेली. कंपनीतून आलं तसं झालं असेल सगळं.

धर्मपाल : अरे बापा.

मैना : तोंड काहून उतरलं तुमचं? डब्याचं अन् माह्या गळ्याचं काय घेनंदेनं?

पायल : बाबा, ट्रान्सपोज लावून ठेवला होता?

मैना : मले समजन असं बोल व.

पायल : म्हणजे बोट एका पट्टीवर ठेवायचं, आणि आवाज खालच्या पट्टीचा काढायचा. रीसेटनं ते आता शून्यावर आलंय, जिथं बोट तिथलाच सूर.

मैना : काहीतरीच. गाताना मी यायच्या बोटाकडंच पायते. काळी चारवरच रायते बोट.

धर्मपाल : बोट काळी चारवरच रायते, मैना. डबा काळी तीन देते.

मैना : ...कवापासून?

धर्मपाल : तुह्या त्या मोठ्या आजारपनापासून.

मैना : अन् नागसेनची ढोलकी? ते तं सुरात लागते.

धर्मपाल : तो उतरवून लावते.

मैना : म्हणजे त्यालेही ठाव होतं? बेंजोवाल्या किशोरलेही?

धर्मपाल : सांगा लागलं. नाहीतं मेळ बसत नाही.

मैना : अन् तोच नागसेन माइक धरून सांगते, 'काळी चारची मैनाबाई'! मी पदर सावरून उभी रायते, छाती फुगवून. मागं तुमी सारे गालातल्या गालात हासत असान.

धर्मपाल : कोनी नाही हासलं. एकदाही नाही.

मैना : मले काहून नाही सांगतलं?

धर्मपाल : आजारपनानंतर कौंडण्यपूरच्या कार्यक्रमात वरच्या सुरावर तुहा गळा थरथरला. खाली बसलेल्या बाया तुही कीव येऊन डोळ्याले पदर लावून राहिल्या. तू उतरून मले म्हणे, पाहा, आज कसं काळजाले भिडलं बायांच्या! तुह्या डोळ्यात असं चांदनं होतं, मैना... मी डब्याचं बटन फिरवलं. तुले फिरवनं मले जमलं नसतं.

पायल : आई, आता पुन्हा खाली घेऊ का? आत्ता होईल. या वेळी सिस्टीमही सेव्ह करून ठेवते.

मैना : हात नको लावू. शून्यावरच राहू दे.

पायल : अगं, पण रात्री गाशील कशी?

मैना : तुमी बोट खाली घ्या. खरोखरच्या काळी तीनवर.

धर्मपाल : पेटी वाजवनारे चार जन असतात गावात. त्यायच्या ध्यानात येईन.

मैना : येऊ द्या. अन् नागसेनले म्हना, नुसतं मैनाबाई म्हन. पट्टी सांगाची गरज नाही.

धर्मपाल : रागात आहे तू. थोडी शांत हो, मंग...

मैना : रागात तं हावोच. घरी गेल्यावर पाहीन तुमच्याकडं. आता सूर द्या.

(सूर लागतो. ती डोळे मिटून पहिली ओळ गाते, वरच्या सुरापर्यंत जाऊन थांबते.)

पायल : आई? काय झालं?

मैना : काही नाही व. हा सूर तं माह्या रोजच्या उठन्याबसन्यातला निघाला.